परमुलखातला शेजार

या महिन्याच्या पत्रांत तक्रारी कमी आणि अवघडलेपण जास्त आहे. परदेशात शेजाऱ्यानं, सहकाऱ्यानं, कधी अगदी अनोळखी माणसानं आपणहून मदत केली. आता याची परतफेड कशी करायची, असा बहुतेकांचा सूर. शेजारधर्म आपल्याला कुणी शिकवत नाही, तो अंगवळणी पडलेला असतो. तिथल्या लोकांचंही तसंच आहे, फक्त त्यांची वळणं वेगळी. म्हणून प्रत्येक उत्तरात देशाचं नाव दिलं आहे. एका देशाची रीत दुसऱ्या देशात लावायला जाऊ नका.

प्रश्न : मुलगी आणि जावई जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतात. खालच्या मजल्यावरच्या आजी त्यांची पार्सलं घेऊन ठेवतात, दोनदा प्लमचा केक दिला, आता नातवासाठी बाबागाडी दिली. मुलीनं डबाभर करंज्या नेल्या तर आजी संकोचल्या. आपल्यात ताट रिकामं परत देत नाहीत. तिथं काय करायचं?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : आजी करंज्यांना संकोचल्या नाहीत, संख्येला संकोचल्या. एकट्या बाईला पंचवीस करंज्या दिल्या की तिला वाटतं, आपल्या केकच्या तुकड्याचं एवढं ओझं झालं, आता आपण आणखी काहीतरी मोठं द्यायला हवं. चार-पाच करंज्या छोट्या बशीत न्या, पुष्कळ झालं. आणि ताट धुऊन, पुसून रिकामं परत दिलं तरी जर्मनीत त्यात काही वावगं नाही. आठवडाभरात परत देणं मात्र महत्त्वाचं. महिनाभर आपल्या ओट्यावर पडलेलं ताट जास्त खटकतं.

खायचं काही देणार असाल तर सोबत चार ओळींची चिठ्ठी हवी : आत काय आहे, तिखट किती, किती दिवस टिकेल. युरोपात खाद्यपदार्थांवर १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची नोंद करावी लागते, त्यामुळं लोकांना ते वाचायची सवय असते. त्यातले निदान सहा आपल्या स्वयंपाकघरात रोज असतात : गहू, दूध, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, तीळ आणि मोहरी. शेंगदाणे बहुतेकजण सांगतात. मोहरी आणि तीळ विसरतात, कारण फोडणीतली मोहरी आणि कांदा-लसूण मसाल्यातले तीळ हा आपल्या लेखी पदार्थच नसतो. गोडात सारणाला तीळ-खसखस लावली असेल तर तेही लिहा.

पार्सलाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथल्या शेजाराची खरी परीक्षा त्यातच होते. घरी कुणी नसेल तर पार्सलवाला ते शेजाऱ्याकडे देतो आणि तुमच्या पत्रपेटीत त्याच्या नावाची चिठ्ठी टाकतो. चिठ्ठी मिळाली त्याच संध्याकाळी जाऊन पार्सल घ्यायचं. रात्री आठनंतर बेल नको. दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते. रविवारी आणि सुटीच्या दिवशी दिवसभर शांतता पाळतात. भिंतीत ड्रिल मारणं सोडाच, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायलाही त्या दिवशी जात नाहीत. बिनसतं ते इथं : तरुण जोडपं दर दोन दिवसांनी ऑनलाइन मागवतं, आजी दिवसभर घरी असतात, आणि त्यांच्या दिवाणखान्याचं गोदाम होतं. त्या तोंडावर काही बोलणार नाहीत. आठवड्याला एखाद-दुसऱ्यापेक्षा जास्त पार्सलं येत असतील तर ती पॅकस्टेशनवर मागवावीत. तिथल्या लॉकरमधून आपल्या सोयीनं काढता येतात. आणि आजींची पार्सलं मुलीनं घ्यावीत, त्या गावाला गेल्या की झाडांना पाणी घालावं, पत्रपेटी रिकामी करावी. करंज्यांपेक्षा ही परतफेड त्यांना जास्त पटेल.

घराची एक जादा किल्ली आजींकडे ठेवायला हरकत नाही, ओळख मुरल्यावर. तिथल्या बऱ्याच दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार ओढलं गेलं की बंद. कचरा टाकायला गेलेला माणूस जिन्यात अडकतो आणि कुलूपवाला रात्री, रविवारी दाम दुप्पट घेतो. किल्ली ठेवायला देणं हा तिथं मोठा विश्वास समजतात. ती मागताना 'चालेल का?' असं विचारायचं आणि 'नको' आलं तर विषय सोडायचा.

बाबागाडीबद्दल पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. अजून विचारलं नसेल तर आता विचारा : ही ठेवून घ्यायची की वापरून परत द्यायची? जर्मन माणसाला सरळ प्रश्न रुचतो. परत द्यायची असेल तर कापड धुऊन, चाकं पुसून. ठेवायची असेल तर पुढं दुसऱ्या कुणाला देण्याआधी आजींच्या कानावर घाला.

आणखी दोन गोष्टी. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, ते तिथं अपशकुनी मानतात. एक दिवस उशीर चालेल. आणि आजींनी 'बसा, केक घ्या' म्हटल्यावर आपल्या सवयीनं 'नको नको' म्हणू नका. एकदा नाही म्हटलं की ते नाहीच धरतात. दुसऱ्यांदा आग्रह होत नाही, आणि आपल्या माणसाला वाटतं, काय रुक्ष लोक आहेत!

प्रश्न : माझा धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीतली नोकरी सोडून जपानला, नागोयाजवळच्या कारखान्यात गेला. नव्या घरी गेल्यावर शेजाऱ्यांना भेट द्यायची असते म्हणे. काय द्यायचं, किती रुपयांचं? शिवाय शेजारच्या बाईंनी त्याची कचऱ्याची पिशवी उचलून परत त्याच्या दारात ठेवली. तो घाबरलाय.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : आधी कचरा. बाई रागावल्या असत्या तर त्यांनी घरमालकाला किंवा इमारतीच्या व्यवस्थापकाला फोन केला असता. पिशवी परत आणून ठेवली याचा अर्थ, चुकीची पिशवी तिथंच पडून राहिली तर सगळ्या इमारतीत बोभाटा होईल, त्याआधी सुधार. जपानमध्ये कचऱ्याचे दिवस ठरलेले : जळणारा कचरा आठवड्यातून बहुधा दोनदा, प्लॅस्टिक, बाटल्या-डबे, कागद यांचे दिवस वेगळे. बऱ्याच शहरांत, नागोयातही, महापालिकेनं ठरवलेल्या पिशव्याच चालतात आणि त्या किराणा दुकानात मिळतात. पिशवी त्याच दिवशी सकाळी, बहुतेक ठिकाणी आठ किंवा साडेआठच्या आत ठेवायची. आदल्या रात्री ठेवली की कावळे फोडतात. चुकलेल्या पिशवीवर कारणाची चिठ्ठी चिकटवून गाडी पुढं जाते. भावाला सांगा, पिशवी घेऊन बाईंकडे जायचं, थोडं वाकून माफी मागायची आणि 'कुठं चुकलं ते दाखवाल का?' म्हणून विचारायचं. बहुतेक वेळा त्या महापालिकेचं चित्रांचं वेळापत्रक काढून दाखवतील. ते परदेशी भाषांतही छापलेलं असतं आणि नगरपालिकेच्या कचेरीत फुकट मिळतं. राहायला आल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंद करायला तिथं जावंच लागतं, तेव्हाच मागून घ्यावं.

आता भेट. डावी-उजवी खोली, डोक्यावरची आणि पायाखालची. स्वतंत्र घर असेल तर समोरचंही. किंमत प्रत्येकी ५०० ते १,००० येन. यापेक्षा भारी दिलं की घेणाऱ्यावर परतफेडीचं ओझं पडतं. वस्तू संपणारी हवी : हात पुसायचा टॉवेल, भांड्यांचं साबण, अन्न झाकायची पारदर्शक प्लॅस्टिकची गुंडाळी, फार तर बिस्किटांचा छोटा डबा. घरचं शिजवलेलं पहिल्या भेटीत नको. आल्यापासून आठवड्याभरात, दिवसाउजेडी जावं. नाव सांगायचं, कुठल्या खोलीत आलो ते सांगायचं, भेट दोन्ही हातांनी द्यायची आणि निघायचं. दोन मिनिटांचं काम. दार उघडलं नाही तर दोन-तीनदा वेगवेगळ्या वेळी बघावं, मग चिठ्ठीसह दाराला अडकवून ठेवावी. मोठ्या शहरांतल्या एकट्या माणसांच्या इमारतींत ही रीत मागं पडत चालली आहे. एकट्या राहणाऱ्या मुलींनी तर ती पाळूच नये. आपण एकट्या राहतो हे कुणाला कळवायचं कारण नाही.

पुढं कधी शेजाऱ्यांनी मोठी भेट दिली, आजारपणात किंवा बाळंतपणात, तर महिनाभरात तिच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या किमतीचं काहीतरी परत द्यायची पद्धत आहे. बरोबरीचं किंवा जास्तीचं दिलं तर 'तुमचं नको' असा अर्थ निघू शकतो. चार नगांचा संच देऊ नका, तिथं चार हा आकडा मरणाशी जोडलेला आहे. शेजाऱ्याच्या हातात रोख पैसे कधीच ठेवायचे नाहीत. आणि ज्यानं मदत केली तो पुन्हा भेटला की आधी 'परवा तुमची मदत झाली' असं म्हणून मगच पुढचं बोलायचं. आपल्याला वाटतं एकदा आभार मानले, झालं. तिथं दुसऱ्या भेटीत न मानलेले आभार लक्षात राहतात.

पाकीट-फोन हरवला तर जवळच्या पोलीस चौकीत लेखी द्यावं, मिळण्याची शक्यता बरीच असते. कायद्यानं सापडवणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं. बरेच लोक तो हक्क सोडून देतात आणि पोलीस तसं सांगतात. हक्क सोडलेला नसेल तर मात्र टाळाटाळ करू नये.

प्रश्न : मुलगा कॅनडात शिकतो. लोक फर्निचर फुकट देतात, शेजारी आपल्या मशीननं यांच्या दारातला बर्फही काढतो, प्राध्यापकांनी थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलंय. आम्ही माळकरी, शाकाहारी. एवढं फुकट घ्यावं का?
— एक वडील, गडहिंग्लज

उत्तर : घ्यावं. फक्त काय घ्यावं ते डोळे उघडे ठेवून.

टेबल, खुर्ची, लाकडी कपाट, भांडी, दिवा : निःशंक घ्या. गादी, उशी, सोफा रस्त्याकडेचा कधीही नाही, कितीही नवा दिसला तरी. कारण ढेकूण. तिथल्या मोठ्या शहरांत ढेकणांचा त्रास आहे आणि एकदा घरात आले की घालवायचा खर्च नव्या गादीपेक्षा जास्त. कुणी घरातून देत असेल तर टॉर्च लावून शिवणी, कोपरे, खालचं लाकूड, स्क्रूची भोकं बघा. काळे-तांबूस ठिपके किंवा पांढुरकी कात दिसली की नमस्कार करून निघा. कपडे, पडदे, चादरी घरात आणल्याबरोबर ड्रायरच्या सगळ्यात गरम सेटिंगवर अर्धा तास फिरवा. ड्रायरमध्ये न जाणारी वस्तू उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस. सोफ्याचं कापड मुद्दाम फाडून ठेवलेलं असेल तर ती देणाऱ्याची भलाई समजा. कुणी उचलू नये म्हणूनच फाडलेलं असतं.

'बाय नथिंग' नावाचे शेजाऱ्यांचे गट असतात, तिथं वस्तू विकायची नाही, नुसती द्यायची-घ्यायची. वेळ ठरवून न जाणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. दुसरा गुन्हा म्हणजे फुकट घेतलेलं विकायला काढणं. शिक्षण संपल्यावर मुलानंही वस्तू त्याच गटात द्याव्यात.

बर्फाचं असं : बऱ्याच शहरांत घरासमोरची पायवाट ठरावीक वेळेत साफ करणं ही घराची जबाबदारी आहे, नाही केली तर दंड. भाड्याच्या घरात ती कुणावर आहे ते करारात बघा. शेजारी करतोय म्हणून कायम त्याच्या जिवावर राहू नका. पडल्या पडल्या काढलेला बर्फ भुसभुशीत असतो, पायांनी तुडवला गेला की दगड होतो. पुढच्या खेपेला मुलानं लवकर उठून आपली आणि शेजाऱ्याची, दोन्हींची वाट काढावी. काढलेला बर्फ रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या गाडीवाटेवर ढकलायचा नाही. मीठ मूठभरच, सगळीकडे पातळ पसरून. साधं मीठ उणे १० अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा वाळू टाकायची, निदान पाय घसरत नाही. मशीनच्या पेट्रोलचे पैसे विचारावेत. बहुधा तो घेणार नाही, मग पुन्हा विचारू नये.

जेवणाचं आमंत्रण स्वीकारतानाच, म्हणजे निदान आठवडाभर आधी, शाकाहाराचं सांगायचं. शिजवलेल्या टर्की पक्ष्यासमोर बसल्यावर सांगितलं तर यजमान कानकोंडे होतात. 'मांस, मासे, अंडी नाही. दूध चालतं' असं स्पष्ट, कारण नुसत्या 'व्हेजिटेरियन'मध्ये अंडं चालतं असं धरतात. भाज्या, बटाटे दिसायला शाकाहारी असतात, पण त्यावरची ग्रेव्ही टर्कीच्या रसाची असते, टर्कीच्या पोटात भरून शिजवलेलं पावाचं सारणही आपलं नाही, आणि रताळ्यावर मार्शमेलो असेल तर त्यात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातलं. 'मी काय आणू?' हे विचारायचंच. आठ माणसं असतील तर दोन वाट्या तांदळाचा मटार पुलाव भरपूर होतो, कारण टेबलावर आणखी पाच-सहा पदार्थ असतात. कमी तिखट, शेंगदाणे नको, सोबत वाढायचा चमचा आणि झाकणाच्या भांड्यात गरम नेलेला. त्यांचा ओव्हन त्या दिवशी सकाळपासून अडकलेला असतो. कॅनडात हा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो, अमेरिकेतला नोव्हेंबरातला चौथा गुरुवार वेगळा. जेवण खुद्द सोमवारी आहे की शनिवार-रविवारी, ते विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा आभाराचा निरोप.

प्रश्न : मुलगा नेदरलँड्समध्ये आजारी होता तेव्हा शेजाऱ्यांनी आठवडाभर सूप आणून दिलं. आम्ही दोघं मेमध्ये जाणार आहोत. त्यांच्यासाठी पेढे, गूळ, कोल्हापुरी चपला आणि मसाला न्यायचा बेत आहे. काही अडचण?
— काका-काकू, मंगळवार पेठ

उत्तर : पेढे इथंच खाऊन घ्या. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढा, बर्फी, खवा, तूप सगळं त्यात आलं, मटणाचं लोणचंही. विमानतळावर काढून टाकतात. ब्रिटनलाही हाच नियम. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी तर सगळं खाद्य अर्जात लिहायचं, लपवलं तर दंड जबर. विमानानं युरोपात जाताना भेटवस्तू माणशी ४३० युरोपर्यंत करमुक्त असतात, त्यामुळं हुपरीच्या चांदीचं जड काही नेणार असाल तर बिल जवळ असू द्या.

गूळ उत्तम. मोठी ढेप नको, पाव किलोचे तुकडे किंवा छोट्या ढेपा. बटर पेपर, त्यावर हवाबंद पिशवी. गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि सुटतो, म्हणून कपड्यांच्या मधोमध. तिथल्या माणसाला तो कशाशी खायचा ते माहीत नसतं. चिठ्ठीवर लिहा : चहात, गरम दुधात, सकाळच्या ओटच्या लापशीवर किसून. एवढं नसेल तर तो कपाटात वर्षभर शोभेला बसतो. मसाला १०० ग्रॅमच्या वर नको; त्याला तेल सुटतं, दोन पिशव्यांत बांधा. मुलाच्या हातची त्या मसाल्याची फिकट आमटी त्यांना आधी चाखायला द्या, आवडली तरच मसाला.

चपला मात्र अंदाजानं घेऊ नका. डच माणसं उंच, पाय मोठे. दुकानात तयार मापात मिळेलच असं नाही. मुलाला सांगून माप मागवा. माप असं : संध्याकाळी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन कागदावर उभं राहायचं, पेन्सिल उभी सरळ धरून दोन्ही पायांची कड आखायची, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मिलिमीटरमध्ये लिहायचं, चवड्याचा सगळ्यात रुंद भागही लिहायचा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधली जागा कागदावर खूण करून दाखवायची, कारण चपलेचा अंगठा तिथं बसतो आणि तोच पहिल्या आठवड्यात चावतो. मागणी किमान महिनाभर आधी द्या. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं पायाच्या आकाराचं होतं, पण त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. सुरुवातीला घरात अर्धा-पाऊण तास, अंगठ्याला आणि कानांना (बाजूच्या पाळ्यांना) आतून तेलाचा हात. आणि हे नक्की सांगा : ही पावसाची चप्पल नाही. भिजली की तळ फुगतो, वादीची शिवण ढिली होते. हीटरवर वाळवली की तडकते, सावलीत उभी करून वाळवायची. नेदरलँड्समध्ये पाऊस केव्हाही येतो, म्हणून ती बहुधा घरातच घातली जाईल. त्यात वाईट काही नाही. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. छापील माहितीचं कार्ड दुकानातून मागून घ्या.

भेट द्यायला न कळवता जाऊ नका. दिवस, वेळ मुलाकडून ठरवून घ्या, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मुळीच नको, ती त्यांच्या जेवणाची वेळ. कॉफी आणि एक बिस्कीट मिळेल. ते आदरातिथ्य पुरेपूर आहे, कमीपणा मानू नका.

प्रश्न : पुतण्या वॉर्सात नोकरीला लागला. वळिवड्याच्या पोलिश छावणीची गोष्ट तिथं सांगितली तर मदत होईल का? नेमकी माहिती द्या.
— एक वाचक, गांधीनगर

उत्तर : तुम्ही त्याच जमिनीवरून लिहिताय. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून सायबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केलेल्या लोकांपैकी काहीजण १९४१ च्या सुटकेनंतर इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतल्या सुमारे ५,००० जणांची, बहुतेक बायका-मुलांची, वस्ती १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला होती. शाळा होत्या, चर्च होतं. १९४८ पर्यंत ते पांगले आणि त्या जागी सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश मंडळींचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सात मोन्ते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचा फलक २०१७ पासून आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तिथं पुष्पचक्र वाहिलं.

एक घोटाळा हमखास होतो. वॉर्सात 'भल्या महाराजां'च्या नावाचा चौक आहे, तो नवानगरच्या (आजच्या गुजरातेतल्या जामनगरच्या) जामसाहेबांचा. त्यांनी बालाचडीला मुलांची छावणी उभारली होती. ती वेगळी, वळिवड्याची वेगळी. पुतण्यानं उगाच ते श्रेय कोल्हापूरच्या नावावर जमा करू नये, समोरच्याला माहिती असली तर फजिती होईल.

मदत मागायच्या आधी ही गोष्ट सांगणं म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीची उधारी वसूल करणं. 'तू कुठला?' असं विचारलं तर सांगावी, तेव्हा ती खुलते. एखाद्याची आजी त्या छावणीत वाढलेली निघू शकते. मग ऐकून घ्यावं, फोटो मागितले तर महावीर उद्यानातले पाठवावेत. ते तुम्ही इथून काढून द्या.

घरी बोलावलं तर फुलं विषम संख्येत, शेवंतीची मुळीच नाहीत. १ नोव्हेंबरला कबरींवर ठेवतात ती तीच. हस्तांदोलन उंबऱ्यावरून नको, आत जाऊन. बूट काढायला लागतीलच, मोजे धड असावेत. वडीलधाऱ्यांनी आपणहून सांगेपर्यंत नुसत्या नावानं हाक मारू नये.

प्रश्न : मदत करणारा खरा की फसवणारा, ओळखायचं कसं?
— एक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : भल्या माणसाला तुमच्या पासपोर्टची प्रत, बँकेचं खातं किंवा ओटीपी लागत नाही. तो घाई करत नाही आणि 'कुणाला सांगू नकोस' म्हणत नाही. या तीनपैकी एक जरी दिसलं तरी थांबा.

सगळ्यात महागात पडणारा प्रकार म्हणजे 'माझे पैसे तुझ्या खात्यात येऊ देत, तू पुढं पाठव, थोडे तुला ठेव.' ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. खातं गोठतं, गुन्हा तुमच्या नावावर येतो आणि व्हिसाही जाऊ शकतो. मला माहीत नव्हतं, हे म्हणणं फारसं टिकत नाही. दुसरा प्रकार घराचा : मालक 'परगावी' असतो, किल्ली पोस्टानं पाठवतो म्हणतो, आधी अनामत मागतो. घर आणि माणूस बघितल्याशिवाय, निदान तिथल्या ओळखीच्या कुणीतरी बघितल्याशिवाय, पैसे नाहीत. जर्मनीत अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. सगळी आगाऊ रोख मागणारा तिथंच उघडा पडतो. विमानतळावर 'आपल्याच गावाकडचा' म्हणून कुणाची पिशवी नेऊ नये. मराठी बोलतो म्हणून माणूस खरा, ही समजूत परदेशात फार लवकर महाग पडते. फसवणारे ती ओळखूनच येतात.

प्रश्न : दुबईत शेजारचं अरब कुटुंब रमजानमध्ये ताट पाठवतं. परत काय पाठवू? आणि आमच्या एका आजारी सहकाऱ्यासाठी गटावर वर्गणी काढायची आहे.
— एक वाचक, इचलकरंजीहून दुबईला गेलेले

उत्तर : तिथं ताट भरून परत पाठवलेलं चालतं, आवडतंही. शाकाहारी गोड बरं. मांस असेल तर हलालच, आणि चॉकलेटात मद्य किंवा जिलेटिन नाही ना, ते बघून घ्या. सूर्यास्ताआधी अर्ध्या तासात पोचवा. बोलावलं तर सूर्यास्ताच्या दहा-पंधरा मिनिटं आधी जा, सोबत चांगल्या खजुराचा डबा. कॉफीचा छोटा कप उजव्या हातात घ्यायचा. तो पुन्हा पुन्हा भरला जातो. पुरे झालं की कप किंचित हलवून परत द्यायचा, नाहीतर वाढणारा थांबत नाही. एक ते तीन कप रीतीला धरून.

वर्गणी मात्र काढू नका. संयुक्त अरब अमिरातीत परवान्याशिवाय देणग्या गोळा करणं कायद्यानं गुन्हा आहे, त्यात व्हॉट्सॲपच्या गटावरचं आवाहनही आलं. सहकाऱ्याची कागदपत्रं घेऊन परवानाधारक धर्मादाय संस्थेकडे अर्ज करा. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात अशा संस्थांची नावं मिळतात, तिथंच आधी विचारा.